मे महिन्यातला हिटर

"दोनच मिनिटं," असं म्हणून आमचे हे बॉनेट उघडून कमरेपर्यंत गाडीत शिरले, तेव्हाच माझ्या मनात आलं की आज मुहूर्त चुकतो.

मी शालू नेसून अंगणात उभी होते. सासूबाई मागच्या सीटवर केव्हाच जाऊन बसल्या होत्या आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून होत्या. पिशवीत पिवळी साडी होती. आमच्याकडे नवरी गौरीहराशी बसते ती मामाकडची पिवळी साडी नेसून. ती आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मामा म्हणजे हे, आणि नवरी म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीची, कुमुदताईंची पल्लवी. लग्न दारव्ह्याला, आम्ही अकोल्याला, आणि मे महिना. ऊन चढायच्या आत कारंजा मागे टाकायचं असं रात्रीच ठरलं होतं.

"अहो, निघायचं ना?"

"हा पाइप पाहिलास का तू?" बॉनेटखालून आवाज आला.

मी कशाला पाइप पाहते! पण हे मला बोलावतच राहिले, म्हणून शालूच्या निऱ्या सावरत गेले. बोटांच्या चिमटीत एक काळा रबरी पाइप धरून हे तो दाबत होते, बाजारात वांगं दाबून पाहतात तसा.

"हे इथं, क्लिपजवळ फुगलाय. वरून ऑइल ठिबकलं, रबर खाऊन टाकलं त्यानं. दिवाळीला ठणठणीत होता. चांगला पाइप दाबला की लगेच उसळून वर येतो. हा बघ, दाबला की बसला."

"कशाचा आहे?"

"हिटरचा."

इथे माझा राग कशाचा होता ते सांगायलाच हवं. इंजिनमधलं गरम पाणी दोन पाइपांनी गाडीच्या आत येतं, डॅशबोर्डमागच्या एका जाळीतून फिरतं, पंखा त्यावर हवा मारतो आणि आत बसलेल्यांना ऊब मिळते. हा हिटर. ऊब, आणि ती अकोल्यात, जिथे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं! गावातले सगळे मेकॅनिक जुनी गाडी हातात आली की आधी ते दोन पाइप काढत, इंजिनकडची दोन तोंडं एकाच तुकड्याने जोडून टाकत आणि हिटरचं नाव संपवत. चालू हिटर असलेली गाडी त्या वेळी अख्ख्या अकोल्यात बहुधा आमचीच. "गाडीचा एकही अवयव मेलेला चालणार नाही," हे यांचं ब्रीद. दर दिवाळीला पाइप दाबून पाहायचे, आणि दर रविवारी थोडा वेळ हिटर चालवायचा, का तर पाणी फिरलं पाहिजे. हे शाळेत भूगोल शिकवायचे. भूगोलाच्या मास्तरांना विदर्भात हिटर कशाला लागतो, असं पोरं वर्गातसुद्धा विचारत.

"मग तोंडाला तोंड जोडा आणि चला," मी म्हणाले. "सगळं गाव जोडतं तसं."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सासूबाईंना मागे ठेवून जाऊ या असं मी म्हटलं होतं.

"गाडी आपली आहे. भंगारवाल्याची नाही."

झालं. डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा पाइप निघाला. पांढऱ्या शर्टावर माझा जुना एप्रन चढला. यांनी नवा तुकडा जुन्याशी लावून मापला, आणि मग ब्लेडने जुन्याला उभी चीर दिली.

"ओढून का नाही काढत? लवकर होईल," मी म्हणाले.

"आतली नळी नाजूक असते. पिळला की नळीच मोडते. मग बस दिवसभर रडत."

"काहून रे रामदास," मागच्या सीटवरून सासूबाई ओरडल्या, "लग्न पाइपाचं हाय का पल्लवीचं?"

पाइप बसला, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं. तरी निघायचं नाही. आत हवा अडकते म्हणून गाडी जागेवर चालू ठेवून हिटर लावायचा, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा पाहायचं. दोन मिनिटांचा चांगला तास झाला. शेजारच्या बाई दूध घेऊन येताना थबकल्या. "अजून इथंच का हो? मुहूर्त दुपारचाच ना?" असं त्यांनी विचारलं आणि माझं डोकं आणखी तापलं.

खरं सांगायचं तर मला यांचा संशय येत होता. यांना जायचंच नव्हतं. जायचं होतं, पण भीती वाटत होती. आणि ती का, हे सांगायचं तर पुन्हा पाइपापाशीच यावं लागतं.

चार वर्षांपूर्वी कुमुदताईंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. त्यांच्या यजमानांनी, प्रल्हादरावांनी, त्याच महिन्यात एक गाडी घेतली होती. दुसऱ्याची वापरलेली, पण त्यांच्या घरातली पहिली. हार घालून, कुंकवाचं स्वस्तिक काढून ती दारात उभी होती. पूजेवरून उठून प्रल्हादराव पीतांबर नेसलेलेच बाहेर आले आणि मोठ्या हौसेने यांना म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही गाडीतले जाणकार. पाहा तर खरं." आमच्यांना तेवढंच पुरतं. बॉनेट उघडलं. पहिल्याच पाइपाला हात घातला. "अरारा! हा तर गेला." प्रल्हादराव म्हणाले, "जाऊ द्या, पुढच्या महिन्यात पाहू." हे म्हणाले, "पुढचा महिना? हा पुढचा आठवडा काढणार नाही," आणि दाखवायला म्हणून पाइप जरा वाकवला. तो तोंडापासून निखळला. आतलं हिरवं पाणी उसळलं ते सरळ प्रल्हादरावांच्या पीतांबरावर.

तेवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. पाहुणे हसले, आणि हसणाऱ्यांपुढे यांना स्फूर्ती येते. हे म्हणाले, "ज्याला पाइप सांभाळता येत नाही, तो संसार काय सांभाळणार!"

सगळे आणखी हसले. कुमुदताई हसल्या नाहीत. हातातलं पूजेचं तबक त्यांनी खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, जेवून जा. पण यानंतर माया दारात पाय ठेवू नको."

आम्ही न जेवताच निघालो. भाऊबीज गेली, राखी गेली, अशी चार वर्षं गेली. सासूबाई तिकडे जाऊन येत, पण एकट्या, एसटीने. लग्नाचं आमंत्रण आलं तेही शेजारच्यांच्या फोनवर, पल्लवीचं. "मामा, तू साडी घेऊन आला नाही तर मी मांडवात बसत नाही, सांगून ठेवते." कुमुदताई एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. त्या दारात उभ्या राहून पुन्हा तेच म्हणाल्या तर? सगळ्या गावासमोर? हे त्या भीतीने पाइप दाबत बसले आहेत, असं मला वाटत होतं.

निघालो एकदाचे.

मूर्तिजापूर गेलं. मीच विचारलं, "काय म्हणणार ताईंना?"

"काय म्हणायचं? आलो म्हणायचं."

"माफी मागा."

"कशाची? पाइप खराब होता. होता म्हणजे होता."

"पाइपाची नाही हो. बोललात त्याची."

"ती गंमत होती."

"गंमत तुयी झाली," मागून सासूबाई म्हणाल्या, "जीव पोरीचा गेला. चार माणसांत नवऱ्याले हसले लोक. तुया बायकोले असं कोणी म्हणलं असतं तं?"

यांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मला येत नाही ते. मी किती वेळा मनात म्हणून पाहिलं. तोंडातून निघतच नाही."

माझा राग तिथेच निम्मा उतरला. हा माणूस चार वर्षं मनात बहिणीशी बोलत होता आणि मला पत्ता नव्हता.

कारंज्याला चहासुद्धा घेतला नाही. गाव मागे पडलं आणि पुढचा सगळा रस्ता खोदून ठेवलेला. एका अंगाला मुरमाचे ढीग, दुसऱ्या अंगाला रोलर, आणि मधल्या पट्टीवरून ट्रकामागे ट्रक, बैलगाडीच्या चालीने. ऊन आता डोक्यावर आलं होतं. थोडं अंतर गेलो असू, तर हे सारखे डॅशबोर्डकडे पाहायला लागले.

"काय झालं?"

"काटा चढतोय."

इंजिनच्या गरमीचा काटा लाल पट्टीकडे सरकत होता. यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, बॉनेट उघडलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. असं सहसा होत नाही, म्हणून मी घाबरले.

"पाइप फुटला का?"

"पाइप शाबूत आहे." यांनी बोट पुढे केलं. "रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये. मोटर गेली."

"वा रे वा!" सासूबाई म्हणाल्या. "पाइपाचा डाक्टर, अन् पंखा मेला घरात!"

यांचा चेहरा पाहून मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. भरधाव चाललं असतं तर समोरच्या वाऱ्याने इंजिन थंड राहिलं असतं. या रांगेत वारा कुठला? दर थोड्या वेळाने थांबून निववत जायचं, तर मुहूर्त गेला. एसटी आमच्या पुढून मघाशीच गेली होती. पल्लवी तिकडे साडीसाठी थांबलेली असणार, आणि कुमुदताई मनात म्हणत असणार, आला नाही ना, मला माहीतच होतं.

हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते. चटका बसला तसा हात काढला आणि एकदम माझ्याकडे वळले. डोळ्यांत चमक.

"प्रमिला, हिटर!"

"काय?"

"इंजिनची उष्णता बाहेर काढायची आहे ना? रेडिएटर काढत नाही, हिटर काढेल. त्याचा पंखा वेगळा असतो. पूर्ण जोरात सोडायचा."

"बाहेर म्हणजे कुठे?"

हे जरा चाचरले. "म्हणजे... गाडीच्या आत."

"आत आम्ही आहोत."

"हो. तेच."

मे महिना, दुपार व्हायला आलेली, विदर्भातलं ऊन, अंगात शालू, आणि हा माणूस मला हिटर लावू का म्हणून विचारत होता. मी काय बोलणार होते ते आता आठवत नाही. चांगलं नसणार. पण त्याआधी मागून आवाज आला.

"लाव."

"आई, अगं, तुला सोसणार नाही—"

"लाव म्हणलं ना. जनम चुलीजौळ गेला माया, तुया हिटरले भेते का मी? अन् तिची साडी माया मांडीवर हाय. लाव."

हिटर लागला.

आधी पायांशी गरम झुळूक आली, मग वारा, आणि मग कोणी भट्टीचं दार उघडून आम्हाला त्यासमोर बसवावं तसं झालं. सासूबाईंनी पाय उचलून सीटवर मांडी घातली. माझ्या केसातला मोगऱ्याचा गजरा वाफवून निघाला. हातातल्या पाटल्या तापल्या. चारी काचा उघड्या होत्या आणि बाहेरून लू आत येत होती, आणि सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण ती लू आम्हाला गार वाटत होती. कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं. मी ते पुसलं, तर रुमालच कुंकवाचा झाला. यांचा पांढरा शर्ट अंगाला असा चिकटला की आतल्या बनियनवरची भोकं मोजता यावीत.

"उतरला!" हे एकदम ओरडले. "काटा उतरला! पाहिलास? पाहिलास?"

काटा केसभर खाली आला होता. पण आला होता खरा.

पुढे रस्त्याच्या कामावरच्या एका माणसाने लाल फडकं दाखवून आमची रांग थांबवली. डोक्याला उपरणं गुंडाळलेला, उन्हाने रापलेला माणूस. रोलर जाईपर्यंत वेळ होता, म्हणून तो गप्पा मारायला आमच्या खिडकीशी आला आणि वाकून आत डोकावला. तसाच मागे उडाला.

"अरे बाप्पा! काय लावलं आतमंदी?"

"हिटर," हे म्हणाले.

"कायले?"

"गाडी थंड राहायला."

त्या माणसाने आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागे मांडी घालून बसलेल्या सासूबाईंकडे. "माय, बरं हाय ना तुमचं? काही जबरदस्ती तं नाही ना?"

"लग्नाले चाललो बापू," सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. "सोड आम्हाले लवकर, नाही तं आम्ही इथंच शिजतो."

त्याने काय समजायचं ते समजून घेतलं, पुढे पळत गेला, रोलरवाल्याला हात करून थांबवलं आणि आमची गाडी सगळ्यांच्या आधी काढून दिली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा हा ओरडलेला मला ऐकू आला, "जाऊ दे रे, पेशंट हाय गाडीत!"

आम्ही तिघंही इतके हसलो की सासूबाईंना ठसका लागला. त्या गाडीत, त्या उकाड्यात, चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिघं एकत्र असे हसत होतो. मध्येच मला शंका आली.

"पाइप टिकेल ना हो? एवढं उकळतं पाणी सारखं फिरतंय त्यातून."

"हा टिकेल. सकाळचा असता तर एव्हाना रस्त्यावर असतो आपण."

कबूल करणं माझ्याही जिवावर आलं होतं. नवऱ्याचं म्हणणं सकाळपासून बरोबर होतं, याच्यासारखं अवघड प्रवासात दुसरं काही नसतं.

दारव्ह्यात शिरलो तेव्हा बॅन्ड वाजत होता. मांडवाच्या कमानीजवळ गाडी थांबवली. माणसं वळून पाहायला लागली. प्रल्हादराव पाहुण्यांच्या घोळक्यात होते, त्यांचं बोलणं तिथेच थांबलं. आणि कमानीखाली, जणू काही दुसऱ्याच कामासाठी उभ्या असाव्यात तशा, कुमुदताई. चेहरा एकदम ताठ.

हे उतरले. मी पलीकडून उतरून यांच्याशेजारी येऊन उभी राहिले. कुमुदताई सरळ गाडीकडे आल्या, पण यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मागचं दार उघडलं आणि आईला हात द्यायला अर्ध्याअधिक आत वाकल्या. एक क्षण तशाच आत राहिल्या. मग पिवळ्या साडीची पिशवी घेऊन, सासूबाईंना धरून बाहेर आल्या, आणि गाडीच्या टपावरून भावाकडे पाहिलं.

हे पुतळ्यासारखे उभे होते. केसांतून, कपाळावरून, हनुवटीवरून पाण्याच्या धारा. डोळे घाम जाऊन लालबुंद. तोंड उघडायचे आणि मिटायचे.

"दादा," कुमुदताई म्हणाल्या. "रडतोस काय रे?"

"रडतो?" हे म्हणाले. "छे गं, हे तर हि—"

मी टाच यांच्या पायावर ठेवली आणि सगळा भार दिला.

"रडते नाही तं काय!" सासूबाई तिकडून म्हणाल्या, इतक्या सहज की मी थक्क झाले. "कारंज्यापासून रडून रायला व माय. मी म्हणलं, पूस डोये, लोक पायतीन. तं आयकते कुठी!"

यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, त्यामुळेच तर इतकी भांडणं. मी डोळे वटारले. यांनी बहिणीकडे पाहिलं.

"हो," हे म्हणाले.

आणि तो एक 'हो' म्हणताना यांचा आवाज असा फाटला की त्यापुढचं पाणी घामाचं होतं की डोळ्यांचं, हे मलाही सांगता आलं नसतं. कुमुदताई गाडीला वळसा घालून आल्या, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि त्या ओल्याचिंब माणसाला मिठी मारून मोठ्याने रडल्या. बॅन्डवाल्यांना वाटलं नवरी सासरी निघाली. ते सनईवर आले.

प्रल्हादराव टॉवेल आणि स्वतःचा नवा झब्बा घेऊन धावत आले. "आधी हे बदला, भाऊसाहेब. भिजलेला मामा नवरीमागे कसा उभा राहणार?" झब्बा यांना पोटावर तंग होत होता आणि बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. त्याच अवतारात हे भाचीमागे उभे राहिले, आणि मंगलाष्टकं चालू असताना प्रल्हादराव मधूनमधून यांच्या पोटाकडे पाहून हसू दाबत होते. मुहूर्त सापडला. पल्लवी पिवळ्या साडीत अशी दिसत होती की मला तिच्यावरून नजर काढवेना.

परतताना सासूबाईंनी आम्हा दोघांना बजावलं. हिटरचा ह सुद्धा कुमुदपुढे काढायचा नाही. पोरीला वाटतंय भाऊ रडत आला, तर वाटू दे. मी लगेच हो म्हटलं. यांनी मात्र फार सोसलं. ज्या हिटरवरून उभं गाव हसलं, त्याच हिटरने वेळेवर पोचवलं, आणि ते ज्या माणसाला सांगायचं त्याच माणसाला सांगायची बंदी! दर दिवाळीत कुमुदताई येत, गप्पांत उन्हाळ्याचा विषय निघे, आणि हे श्वास आत घेत. मी नुसतं पाहत असे. मग हे श्वास सोडून देत.

सासूबाई गेल्या. ती गाडीही गेली. मागच्या उन्हाळ्यात कुमुदताई कुरडया करायला म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी गच्चीवर आम्ही दोघी, मी सोऱ्या फिरवत होते, त्या कुरडया सारख्या करत होत्या. खाली अंगणात हे नवी गाडी धूत होते.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आता आई नाही, म्हणून विचारते. पल्लवीच्या लग्नात येताना हिटर कायले लावला होता?"

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागचं दार उघडून डोकं आत घातलं ना मी. तोंडावर भट्टीच आली. आई मांडी घालून सीटवर बसेल होती, खालून गरम वारा. रामदास गावंड्याची बहीण आहे मी, मले हिटर समजत नाही का?"

"मग 'रडतोस काय' असं का विचारलंत?"

"न विचारता जमलं असतं का?" त्या हसायला लागल्या. "तो तोंड उघडणार, अन् पाइपापासून सुरू करणार. तिकडं आमच्या यांचे कान उभे. पुन्हा पाइप, पुन्हा भांडण. म्हणून मीच म्हटलं, रडतोस काय. त्यानं नुसतं हो म्हणावं, एवढंच पाहिजे होतं. अन् आईनं तर काय साथ दिली! मले वाटलं, आता मीच हसते इथं."

"पण तुम्ही हसल्या नाहीत. रडल्या तुम्ही. खऱ्या रडल्या, मी पाहिलं."

त्यांनी एक कुरडई उगाचच पुन्हा नीट केली.

"मे महिन्यात हिटर लावून आला तो, वहिनी. आईले घेऊन, तुम्हाले घेऊन, भाजत भाजत. माफी काय, कोणीही मागते. असं कोण येते?"

त्यांनी पदराने डोळे टिपले, उठून कठड्याशी गेल्या आणि खाली वाकून हाक मारली.

"दादा, वर ये. त्या दिवशीच्या हिटरची गोष्ट सांग मले."

खालचा पाण्याचा आवाज थांबला. यांनी वर पाहिलं, पण बहिणीकडे नाही. आधी माझ्याकडे.

"सांगा," मी म्हणाले.

जिना चढायला गुडघे दुखतात म्हणणारा माणूस ओल्या हातांनीच दोन-दोन पायऱ्या घेत वर आला. धाप लागली होती, तरी बसायला तयार नाही.

"कुठून सांगू?"

"पाइपापासून," कुमुदताई म्हणाल्या, आणि चटईवर सरकून त्यांनी भावाला जागा करून दिली.